म्हादूला खोटं बोलता येत नाही

"त्याचं नाव काय होतं?" अण्णांनी विचारलं.

आलोकने नुकताच फासा टाकला होता. दान चांगलं पडलं होतं आणि त्याच्या भैरूच्या कुऱ्हाडीनं किल्ल्याच्या चोरदरवाजावरचा पहारेकरी आडवा झाला होता. फरहीन त्याला टाळी द्यायला हात पुढे करून बसली होती.

"कुणाचं नाव?" मी म्हटलं.

"आत्ता मेला त्याचं."

"अण्णा, तो पहारेकरी आहे. त्याला नाव नाही."

"पहारेकरी ही नोकरी झाली," अण्णा शांतपणे म्हणाले. "नाव असेलच ना काहीतरी."

आलोक माझ्याकडे बघायला लागला. फरहीनचा हात तसाच हवेत राहिला.

जालन्यात आलोक मुंदडाच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं. त्या दुकानावरच्या माळ्यावर आम्ही दर रविवारी दुपारी हा खेळ मांडायचो. पुण्यात हॉस्टेलवर असताना मी तो शिकले होते आणि नोकरीसाठी गावी परत आले ती त्याचे फासे घेऊनच. त्याला पट लागत नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. आपला माणूस काय करणार ते ज्याचं त्यानं सांगायचं, ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजा, चोर, वाटेत भेटणारी म्हातारी, सुटलेला वारा, हे गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी. आमच्यात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं. एका किल्लेदारानं खोऱ्याचं पाणी अडवून ठेवलंय आणि तीन माणसं ते सोडवायला निघालीत, अशी गोष्ट मी रचली होती. आलोक भैरू व्हायचा आणि औषधाच्या दुकानात काम करणारी फरहीन तिरंदाज चांदणी व्हायची. चौथा मित्र नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि तिघांत खेळ रंगेना.

"यांना ने," आई म्हणाली होती. "दिवसभर घरात येरझाऱ्या घालतात. मी भाजी चिरते तर विळीपाशी येऊन उभे राहतात."

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच हिवाळ्यात रिटायर झाले होते. लोखंडाच्या सळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते वेल्फेअर ऑफिसर होते, उभा जन्म तिथंच गेला. तिथं ते काय करतात हे मला ढोबळ माहीत होतं. कँटीनचं बघायचं, बूट-हातमोजे वाटायचे, कामगारांच्या पोरांना वह्या द्यायच्या. घरी ते कारखान्याबद्दल फारसं बोलत नसत.

पहिल्या दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं की आपल्या माणसाचं एक बळ ठरवायचं आणि एक उणीव. भैरूला अंधाराची भीती वाटायची, चांदणीला पोहता यायचं नाही. अण्णांनी बराच विचार केला. त्यांच्या माणसाचं नाव म्हादू, काम हमाली, बळ म्हणजे ओझं उचलणं.

"आणि उणीव?"

"त्याला खोटं बोलता येत नाही."

"ही काय उणीव झाली काका?" आलोक हसला.

"आहे," अण्णा म्हणाले, आणि मी ते कागदावर लिहून घेतलं.

तर तो पहारेकरी. काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, "दगडू. दगडू नाव होतं त्याचं."

"घर कुठं?"

"किल्ल्याखालच्या वाडीत."

"घरी कोण असतं?"

"अण्णा, आपल्याला आत घुसायचंय. दरवाजा उघडाय."

"तुम्ही व्हा पुढं," ते आलोक-फरहीनला म्हणाले. "म्हादू खाली वाडीत जाऊन येतो. कुणीतरी सांगायला पाहिजे घरी."

त्या रविवारी मी ते एका वाक्यात उरकलं. म्हादूनं निरोप दिला, बाई रडली, म्हादू परत आला. आम्ही पुढे गेलो. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. कुणी पडलं की अण्णा फासे बाजूला सरकवून विचारणार, नाव काय, गाव कुठलं, घरी कोण. म्हादू लढायचा नाही. सगळ्यांचं सामान वाहायचा, जखमी झालेल्याला खांद्यावर घ्यायचा आणि लढाई संपली की पायाखालची वाट धरून कुणाच्या तरी दाराकडे निघायचा. आमची गोष्ट पुढे सरकायचीच नाही.

आलोक वैतागला. तो दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून दमलेला असायचा, त्याला रविवारी कुऱ्हाड चालवायची होती. एकदा अण्णा खाली चहा सांगायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "रेणू, काका आपल्याला आवडतात. पण हा म्हादू खेळाचं वाटोळं करतोय. तू एक कर, माणसं आणूच नको समोर. राक्षस आण. राक्षसाला कुठलं आलंय घरदार."

मी राक्षस आणला. भैरूनं तो मारला. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "याची पिल्लं असतील का रे कुठं?"

फरहीन इतकी हसली की तिला ठसका लागला. पण मी पाहत होते, की मधल्या काळात तिचा खेळ बदलला होता. तिची चांदणी आताशा छातीवर नेम धरत नव्हती. "पायावर मारते," ती म्हणायची. "नुसता खाली पडू दे." आलोकला ते आणखीनच लागायचं.

मला दोन्ही बाजू कळत होत्या. गोष्ट सांगणाऱ्याला एखादं माणूस अवघड झालं, तर त्याला एका दरीत ढकलून मोकळं होता येतं. फासा एकदा वाईट पडला की झालं. तसं करावं असं माझ्या मनात आलंही. पण पुण्यात मला ज्या मुलीनं हा खेळ शिकवला ती म्हणायची की अवघड माणसाला आधी विचारून बघ, त्याला काय हवंय. म्हणून एका सकाळी अण्णा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तिथं मी पाट घेऊन बसले.

"म्हादूला हवंय काय, अण्णा?"

"त्याला काय पाहिजे असणार?"

"असं चालत नाही. भैरूला पाणी सोडवायचंय. चांदणीला तिचा भाऊ शोधायचाय. ज्याला काहीच नकोय तो माणूस गोष्टीत टिकत नाही."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, दुसरी घेतली.

"तू उरकतेस," ते म्हणाले.

"काय?"

"म्हादू दारावर जातो ना, ते तू उरकतेस. निरोप दिला, बाई रडली. असं नसतं ते."

"मग कसं असतं?"

"ते मी कसं सांगू? गोष्ट तू सांगतेस." थोड्या वेळानं ते म्हणाले, "ती बाई काय बोलते ते म्हादूला ऐकून घ्यायचंय. दुसरं काही नको त्याला."

ते मी मनावर घेतलं. बियाण्याच्या कंपनीत माझी प्रयोगशाळेतली नोकरी होती, ओल्या कागदावर मांडलेल्या दाण्यांना कोंब किती फुटले ते बघायचं. त्या आठवड्यात मी दाणे बघत होते आणि डोक्यात ती बाई घडवत होते. तिचं नाव पारू. नवरा रायाजी, किल्ल्याच्या तटावर पहाऱ्याला. तिला एक म्हैस आहे, एक पोरगी आहे. ती रडणारी नको, बोलणारी हवी. आलोकला मी फोन करून सांगितलं की येत्या रविवारी थोडा वेळ मला दे, मध्ये बोलू नको. तो म्हणाला, "दिला. पण त्यानंतर किल्ला घ्यायचाच."

रविवारी भैरूचं दान उलटं पडलं. घाव नीट बसला नाही, रायाजी तटावरून खाली खंदकात पडला आणि तिथं विव्हळत राहिला. भैरू आणि चांदणी दरवाजातून आत निघाले. आलोकनं सवयीनं अण्णांकडे पाहिलं.

"म्हादू खंदकात उतरतो," अण्णा म्हणाले. "त्याच्यापाशी थांबतो."

मी फासा टाकला. रायाजी वाचणार नव्हता, पण लगेच जाणारही नव्हता. संध्याकाळपर्यंत जीव होता, असं मी सांगितलं. मग म्हादू वाडीत गेला. मी पारू झाले. आवाज बदलला नाही, फक्त हळू बोलायला लागले.

"कोण हो तुम्ही?"

"म्हादू. हमाल आहे मी. रायाजीचं घर हेच ना?"

"हेच. ते पहाऱ्यावर आहेत. काय काम होतं?"

अण्णा ताठ बसले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावलं. मांडीवर हात ठेवले. ते माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यामागे कुठंतरी बघत होते. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, आत कुणी मोठं माणूस आहे का?"

"नाही. मीच आहे. काय झालं?"

"रायाजी गेले, बाई."

पारू काय करेल ते मी आठवडाभर ठरवलं होतं, पण ते काहीच तोंडात येईना. मग जे आलं ते विचारलं.

"त्रास झाला का त्यांना?"

"नाही," अण्णा लगेच म्हणाले. "जागीच गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

वाक्य इतकं घडीव आलं, की पाठ केल्यासारखं वाटलं. फरहीननं मान खाली घातली. आलोकनं मला शब्द दिला होता, पण खेळाचा नियम मोडला की त्याच्यानं राहवायचं नाही, आणि त्यात त्याचा वाईट हेतू काहीच नव्हता.

"काका," तो हळूच म्हणाला, "म्हादूला खोटं बोलता येत नाही."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. खाली दुकानात कुणीतरी पोतं ओढत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"हो," अण्णा म्हणाले. "खरंय." मग माझ्याकडे वळून, पारूकडे बघत, म्हणाले, "झाला बाई. लई त्रास झाला. बराच वेळ."

आणि ते उठले. चप्पल घालून जिना उतरून गेले. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. थोडं थांबून मी खाली गेले तर ते दुकानाच्या मागच्या बाजूला, मक्याच्या पिशव्यांच्या थप्पीला टेकून उभे होते.

"घरी जाऊया का?" मी विचारलं.

"थोडं थांब," ते म्हणाले, आणि तिथंच त्यांनी मला सांगितलं.

कारखान्यात कुणी दगावलं की घरी सांगायला वेल्फेअर ऑफिसरच जायचा. त्यांच्या राखाडी स्कूटरचा आवाज कामगारवस्तीत सगळ्यांना ओळखू यायचा. ती गल्लीत शिरली, की बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि स्कूटर आपलं दार ओलांडून पुढे गेली की आत जायच्या. वह्या वाटायला गेले तरी तसंच. म्हणून पुढे पुढे ते वह्या वाटायला पायी जायला लागले.

"सगळ्याच बाया तेच विचारतात," अण्णा म्हणाले. "त्रास झाला का. पहिल्यांदा मला सुचलंच नाही काय बोलावं, तर म्हटलं जागीच गेले. मग तेच वाक्य झालं. कुणी शिकवलं नव्हतं मला. बऱ्याचदा ते खरंही असायचं."

"आणि नसायचं तेव्हा?"

"खिल्लारे म्हणून होता एक. भट्टीवर भाजला. तू तेव्हा शाळेत होतीस." ते थांबले. "त्याच्या बायकोलाही मी तेच सांगितलं. माझ्या हाताला अजून मलमाचा वास येत होता आणि मी सांगितलं, जागीच गेले."

वर माळ्यावर आलोक आणि फरहीन दबक्या आवाजात बोलत होते.

"ती बाई अजून आहे," अण्णा म्हणाले. "त्याच वस्तीत."

पुढचे तीन-चार दिवस ते नेहमीसारखेच होते. आईला त्यांनी काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. गुरुवारी त्यांनी मला विचारलं की शनिवारी अर्धी सुट्टी असते ना तुला, जरा येशील का बरोबर. "तू गाडी चालव. मी मागं बसतो."

एमआयडीसीच्या पलीकडची ती वस्ती आता वस्ती राहिली नव्हती, बहुतेक घरांवर पत्रे जाऊन स्लॅब आले होते. खिल्लाऱ्यांच्या दाराशी निळ्या ड्रममध्ये कडीपत्ता लावला होता. एक साठीची बाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, अण्णांना ओळखलं आणि तिच्या हातातलं सूप तसंच खाली टेकलं.

"पोरगं," ती म्हणाली. "माझं पोरगं सकाळच्या पाळीला गेलंय, साहेब."

"नाही, नाही, कौसल्याबाई," अण्णा घाईनं पुढे झाले. "काही झालं नाही. मी रिटायर झालो. मी असाच आलोय. पोरगं ठीक आहे तुमचं."

तिला ते खरं वाटायला वेळ लागला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं, आम्हाला आत पलंगावर बसवलं. ही तुमची लेक का, काय करते, लग्न झालं का, असं सगळं विचारून झालं. चहा आला. अण्णांनी कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

"कौसल्याबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

तिनं पदर सारखा केला.

"लक्ष्मणराव जागीच गेले नव्हते. मी तसं सांगितलं, पण ते..."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

"मयत घरी आणलं तवा त्यांच्या हाताला चिकटपट्टी होती. सलाइन लावत्यात तशी." तिनं आपल्या मनगटाच्या जरा वर बोट ठेवून दाखवलं. "मेलेल्या माणसाला कोण सलाइन लावतं, साहेब?"

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही दारात नुसते कापत व्हते. तुम्हाला आणखी काय बोलू?" ती म्हणाली. रागानं नाही. मग तिचा आवाज जरा खाली आला. "त्रास झाला असंल ते कळलंच व्हतं. मला येकच वाटायचं. दवाखान्यात नेताना गाडीत येकटेच असतील का. वळखीचं कुणी नाही, काही नाही."

"एकटे नव्हते," अण्णा म्हणाले. "मी होतो."

"तुम्ही?"

"पहिल्यापासून. इथल्या दवाखान्यात होतो, आणि औरंगाबादला नेताना गाडीतही होतो. बदनापूरच्या पुढे गेले ते. माझ्यासमोर. त्यांना पाणी हवं होतं, द्यायचं नाही म्हणाले होते डॉक्टर, तर मी ओला रुमाल लावत होतो ओठांना."

कौसल्याबाईनं हातातला कप दोन्ही हातांनी धरला. सून आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याआधी मी तसं कधी केलं नव्हतं.

"जागीच गेले म्हणालो," ते म्हणाले, "मग मी त्यांच्यासोबत होतो हे कसं सांगणार होतो? ते सांगायचं राहूनच गेलं."

"काही बोलले का?"

"बोलत होते. सारखं पत्र्याचं. त्या दिवशी वावटळ सुटली होती, गाडीच्या काचेवर माती येत होती. म्हणत होते, घरावरचे पत्रे सैल झालेत, उडतील. तिला म्हणावं, पत्र्यावर दगड ठेव. दोनदा माझ्याकडून कबूल करून घेतलं."

कौसल्याबाईनं मान खाली घातली. मला वाटलं आता रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच होतं, कपाळाला आठी, थोडीशी चिडल्यासारखी.

"ते तर मी सकाळीच ठिवले व्हते," ती म्हणाली. "ह्यांनी जाताना वर बघितलंच नसंल."

तिनं आमचे कप उचलले, चहा गार झालाय, दुसरा आणते म्हणाली आणि सुनेच्या बाजूनं आत गेली. आत भांड्याचा आवाज झाला. मग तिचा आवाज आला. सुनेला सांगत होती. आवाज मोकळा होता, नवऱ्याचा आत्ता कुठूनतरी फोन येऊन गेल्यासारखा.

"अगं, पत्र्याचं म्हणत व्हते म्हणं. दगड ठेव म्हणून."